गांवाबाहेरचें घर

श्रोतेहो, एखादी संस्था जुनी जागा सोडून नव्या जागेंत राहावयास जाते, तेव्हां आपण तिकडे बहुधा समारंभाच्या दृष्टीनें पाहतों. निमंत्रणपत्रिका येते, दाराला तोरण लागतें, कोनशिलेवर देणगीदारांचीं नांवें कोरलीं जातात आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात. जागा बदलली, काम तेंच राहिलें, अशी आपली समजूत असते. पुष्कळ संस्थांच्या बाबतींत ती खरीहि असेल. परंतु स्त्रियांना शिकवून त्यांना स्वतःच्या कमाईवर उभें करण्यासाठीं ज्या संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं महाराष्ट्रांत निघाल्या, त्यांच्या इतिहासांत घराचा प्रश्न इतका किरकोळ नव्हता. स्वतःच्या पायांवर उभें राहूं पाहणाऱ्या बाईनें शिक्षणाचीं तीं वर्षें समाजापासून किती अंतरावर काढावीं, हा त्यांतला खरा प्रश्न होता. जवळ राहावें तर लोकापवाद आणि नातलगांची ओढ. दूर जावें तर जें काम शिकावयाचें तें शहरांत, आणि आपण रानांत! या प्रश्नाला निरनिराळ्या संस्थांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्यांतील तीन उत्तरें, आणि विशेषतः हिंगण्याचें उत्तर, आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम हा प्रश्न उत्पन्न कसा झाला तें पाहूं. त्या काळच्या पांढरपेशा घरांत विधवेला काम नव्हतें असें मुळींच नाहीं. पहाटेच्या सडासारवणापासून रात्रीच्या झांकपाकीपर्यंत घरांतलें निम्में काम तिच्याच वांट्याला येई. दळणकांडण तिचें, सोंवळ्यांतला स्वयंपाक तिचा, बाळंतिणीची उठाठेव तिची, आजाऱ्याची उशापायथ्याची जागरणेंहि तिचींच. नव्हतें तें या श्रमांचें मोल. दोन वेळचें अन्न आणि वर्षाचें लुगडें मिळे. आणि तेंहि तिच्या कामाचा मोबदला म्हणून नव्हे, तर घरच्यांचे उपकार म्हणून. ही बाई स्वतंत्रपणें पोट भरूं म्हणेल तर तिच्यापुढें आचारकामाखेरीज दोनतीनच वाटा होत्या. मुलींच्या शाळा निघूं लागल्या होत्या, त्यांना शिक्षिका पाहिजे होत्या. दवाखान्यांना परिचारिका आणि शिकलेल्या सुइणी पाहिजे होत्या. पुण्यास स्त्रियांचें ट्रेनिंग कॉलेजहि होतें. मागणी होती, शिक्षणाची सोयहि थोडीबहुत होती. पण मूळाक्षरांपासून आरंभ करून शिक्षिका होईपर्यंत जीं पांचसात वर्षें लागत, तीं त्या बाईनें काढावयाचीं कोठें? सासरीं पाटी हातांत घेण्याची चोरी. माहेरीं बाप थकलेला व भाऊ मिंधा. एकटीनें बिऱ्हाड करणें तर त्या काळीं कल्पनेच्याहि पलीकडचें. तेव्हां फळा, खडू, पुस्तकें आणि मास्तर यांच्याहि आधीं जी वस्तु लागत होती ती म्हणजे घर.

हें ओळखून पहिलें मोठें पाऊल टाकलें पंडिता रमाबाईंनीं. अमेरिकेंतील हितचिंतकांच्या मदतीवर त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ 'शारदासदन' काढलें. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून १८९० च्या अखेरीस तें पुण्यास आलें. पुण्यांत या घरावर सर्वांचा डोळा होता. संस्थेच्या सल्लागार मंडळांत न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखीं माणसें होतीं, आणि तिच्यावर टीका करणारेहि तितकेच समर्थ होते. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत असा बोभाटा होऊन १८९३ मध्यें सल्लागार मंडळानें राजीनामा दिला आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादांत कोणाची बाजू किती खरी होती, हा आजच्या भाषणाचा विषय नाहीं. आपल्याला इतकेंच पाहावयाचें आहे कीं, शहराच्या वस्तींतलें घर हें शहराच्या मर्जीवर उभें असतें, हें त्या प्रसंगानें दाखवून दिलें. पुढें १८९७ सालच्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या अनाथ मुलींना, प्लेगाच्या त्या दिवसांत, पुण्यांत ठेवणें अशक्य झालें. तेव्हां रमाबाई त्यांना घेऊन केडगांवला आपल्या शेतावर गेल्या. तेथें 'मुक्तिसदन' उभें राहिलें आणि कालांतरानें शारदासदनहि तिकडेच गेलें. केडगांवला शेत होतें, विहिरी होत्या, विणकाम होतें, छापखाना होता. खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचें काम तेथें स्त्रिया करीत. म्हणजे रमाबाईंनीं आपल्या प्रश्नाचें उत्तर असें दिलें कीं, शहराशीं संबंध ठेवण्याची जरूरच नको. घर, शिक्षण आणि उद्योग हीं तिन्हीं एकाच कुंपणांत आणावीं. उत्तर धाडसाचें होतें. पण त्यासाठीं परदेशचें पाठबळ लागे, आणि कुंपणाच्या आंत धर्म कोणता, हा प्रश्न हिंदु पालकांच्या मनांतून कांहीं जाईना.

या शारदासदनांतूनच दुसऱ्या उत्तराचा धागा निघतो. तेथें शिकणाऱ्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकीं एक गोदूबाई जोशी. त्यांचे बंधु नरहरपंत हे प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. कर्वे १८९१ मध्यें गोपाळराव गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास आलेले. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला. याच गोदूबाई पुढें आनंदीबाई कर्वे अथवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या. या विवाहापायीं मुरुडास, म्हणजे स्वतःच्या गांवीं, कर्व्यांवर बहिष्कार पडला. वृद्ध आईला मुलाबरोबर उघडपणें राहतां येईना. या अनुभवावरून कर्वे एका व्यवहारी निर्णयाला आले. पुनर्विवाह करणाऱ्या विधवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उरलेल्या हजारों जणींचें काय? त्यांना लग्न नको असेल, पण भाकरी तर हवीच आहे. पुनर्विवाहाचा प्रचार बाजूला ठेवून केवळ शिक्षण देणारी संस्था काढली, तर जुन्या वळणाचा बापहि आपली मुलगी तेथें पाठवील, असें त्यांना वाटलें. १८९६ मध्यें त्यांनीं 'अनाथबालिकाश्रम मंडळी' स्थापिली. अध्यक्ष डॉ. भांडारकर. मंडळी आधीं निघाली, पैसे मागून जमूं लागले, आणि प्रत्यक्ष घर १८९९ च्या आरंभीं पुण्यांत भाड्याच्या जागेंत सुरू झालें.

येथें पुण्याची त्या वेळची स्थिति ध्यानांत आणली पाहिजे. प्लेग येऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. सांथ वाढली कीं लोक घराला कुलूप ठोकून गांवाबाहेर माळावर झोपड्या घालीत. ती ओसरली कीं परत येत. शहर सोडून झोपडींत जाणें यांत कोणाला नवल उरलें नव्हतें. अशा काळांत मुली एकत्र ठेवण्याचें घर पेठेच्या दाटींत असणें धोक्याचें, आणि भाडें भरणेंहि कठीण. त्यांतच रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं पुण्याच्या नैर्ऋत्येस चारएक मैलांवर हिंगणें येथें आपली सहा एकर जमीन देऊं केली, आणि इमारतीसाठीं साडेसातशें रुपयेहि दिले. त्या माळावर सुमारें पांचशें रुपये खर्चून एक झोपडी उभी राहिली आणि १९०० सालच्या उन्हाळ्याअखेर आश्रम आपलीं भांडींकुंडीं घेऊन तिकडे गेला. प्लेग ओसरल्यावर पुणेंकर नेहमींप्रमाणें आपापल्या वाड्यांत परतले. आश्रम मात्र परतला नाहीं.

आज 'हिंगण्याची झोपडी' म्हटलें कीं आपल्या मनांत भक्तिभाव येतो आणि त्या भक्तींत अडचणी दिसेनाशा होतात. म्हणून त्या अडचणी थोड्या मोजून पाहूं. तेथें वस्ती नाहीं, बाजार नाहीं, डॉक्टर नाहीं. रस्ता म्हणजे गाडीवाट. पावसाळ्यांत घोट्याइतका चिखल. मीठमिरचीपासून पाटीपेन्सिलीपर्यंत जें जें लागे तें शहरांतून आणावें लागे. शिकवावयास कोण येणार? तें काम कर्व्यांनीं स्वतःच्या पायांवर घेतलें. कॉलेजचें शिकविणें आटोपलें कीं ते पायीं हिंगण्याला जात, मुलींना शिकवीत, हिशेब पाहात आणि पुन्हां आपल्या नोकरीवर हजर होत. हा त्यांचा क्रम दोन वर्षें चालला. या पायपिटीचें कौतुक त्यांच्या निग्रहासाठीं पुष्कळ झालेलें आहे. मला तिचें महत्त्व निराळ्या कारणासाठीं वाटतें. केडगांवनें शहराशीं असलेला दोर बहुतेक कापून टाकला होता. कर्व्यांनीं आश्रम शहराबाहेर नेला, पण शहराशीं असलेलें नातें रोज पायीं चालून जिवंत ठेवलें. देणग्या पुण्यांतून यावयाच्या होत्या, मुली पुण्याच्या आणि कोंकणच्या घरांतून यावयाच्या होत्या, आणि शिकून झाल्यावर त्यांना नोकरीसाठीं परत शहरांतच जावयाचें होतें. आश्रम हें कायमचें आश्रयस्थान नव्हे, तें मुक्कामाचें ठिकाण आहे, ही जाणीव त्या चार मैलांनीं राखली.

दूर गेल्यानें मिळालें काय? पहिली गोष्ट, उसंत मिळाली. केशवपन केलेली मुलगी हातांत पाटी घेऊन पेठेंतून चालूं लागली तर दारोदारचे डोळे तिच्याकडे वळत. हिंगण्याच्या माळावर पाहणारें कोणी नव्हतें. तेथें तिनें मोठ्यानें वाचलें तरी चालत होतें, चुकलें तरी चालत होतें. दुसरी गोष्ट, मनुष्यबळाच्या अभावीं सारें काम आश्रमवासी स्त्रियांनाच करावें लागे. कोठीचा हिशेब, आजाऱ्याची शुश्रूषा, नव्या मुलींना शिकविणें, पाहुण्यांशीं बोलणें, वर्गणीचीं पत्रें लिहिणें. जें घरीं फुकटच्या राबण्यांत जमा होत होतें, तेंच येथें जबाबदारीच्या कामांत जमा होऊं लागलें. शिक्षणक्रमांत न लिहिलेलें हें शिक्षण होतें, आणि तें आश्रमाच्या एकांतवासामुळें मिळालें.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे पार्वतीबाई आठवले. बाया कर्व्यांच्या या बहीण. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलें, पदरीं एक मुलगा, आणि अक्षरओळख नाहीं. बहिणीच्या आधारानें पुण्यास येऊन त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि हिंगण्याच्या आरंभींच्या वर्षांतच आश्रमांत येऊन पुढें तेथील व्यवस्थापिका झाल्या. सोंवळ्या विधवेच्या वेषांत त्या गांवोगांव वर्गणीसाठीं हिंडल्या, सभांतून बोलल्या. कर्व्यांच्या पुनर्विवाहामुळें ज्या घरांचीं दारें त्यांना बंद होतीं, तीं या बाईंना उघडलीं. १९१८ मध्यें त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जेमतेम. तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं भाषा शिकून घेतली, कामासाठीं निधि जमविला आणि १९२० मध्यें त्या परत आल्या. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रांत त्यांनीं हें सर्व स्वतः सांगितलें आहे. ज्या बाईच्या घरकामाला स्वतःच्या देशांत कवडीचें मोल नव्हतें, तिनें परदेशांत तेंच घरकाम करून रोख वेतन घेतलें. स्त्रीच्या श्रमाला मोल असतें, हें सांगावयास याहून निराळें व्याख्यान नको.

हिंगण्याचें अंतर किती कमी झालें होतें याचा पुरावा त्याच्या पुढच्या इतिहासांतच मिळतो. कर्व्यांनीं १९०७ मध्यें 'महिला विद्यालय' काढलें. तें विधवांसाठीं नसून सर्वच मुलींसाठीं होतें आणि तें पुणें शहरांत होतें. कुमारिकांना विधवांच्या संगतींत ठेवण्यास पालक तयार होणार नाहींत, तेव्हां दोहोंचीं घरें वेगळीं असावीं, हा त्यांतला हिशेब. परंतु १९११ मध्यें हें विद्यालयहि हिंगण्यास गेलें, आणि मुली त्याच्याबरोबर गेल्या! जेथें अकरा वर्षांपूर्वीं कोणी आपली विधवा लेक पाठवावयास धजत नव्हता, तेथें आतां लोक आपल्या अविवाहित मुली शिकावयास ठेवूं लागले. झोपडीनें मिळविलेली ही खरी देणगी. पुढें जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्व्यांनीं १९१६ मध्यें स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ काढलें. १९२० मध्यें सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्याला पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली, आणि १९३६ मध्यें त्या विद्यापीठाचें मुख्य ठाणें मुंबईस गेलें. माळावर अंकुरलेलें काम अशा रीतीनें देशांतल्या अत्यंत गजबजलेल्या शहरांत येऊन पोहोंचलें.

आतां तिसरें उत्तर. तें याच्या अगदीं उलट आहे. रमाबाई रानडे यांनीं १९०९ मध्यें पुणें सेवासदनाला आरंभ केला तो गांवाबाहेर नव्हे, तर शहरांत, आपल्या स्वतःच्या राहत्या वाड्यांत. न्यायमूर्तींच्या पश्चात् आठ वर्षांनीं त्या वाड्याचें दार शहरांतल्या बायकांसाठीं उघडलें. भारतसेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे मुख्य सहकारी. सेवासदनाच्या डोळ्यांसमोर होती ती घर सोडूं न शकणारी स्त्री. जिला मुलेंबाळें आहेत, सासूसासरे आहेत, जी चारपांच तासांपलीकडे बाहेर राहूं शकत नाहीं, तिनें हिंगण्याला कसें जावें? म्हणून प्रौढ स्त्रियांचे वर्ग दुपारीं भरविण्याची युक्ति काढण्यांत आली. सकाळचा स्वयंपाक आटोपला, जेवणें झालीं, उष्टींखरकटीं निघालीं, कीं संध्याकाळची चूल पेटेपर्यंतचा वेळ बाईचा स्वतःचा असतो. तो वेळ सेवासदनानें उचलला. वाटेवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे टोमणे असत. पण चारचौघी मिळून जाऊं लागल्या म्हणजे टोमण्यांना धार राहत नाहीं.

पुढें सेवासदनानें याहून अवघड काम हातीं घेतलें तें परिचारिकांचें. उच्च म्हणविणाऱ्या जातींच्या स्त्रीनें परक्या माणसाची शुश्रूषा करावी, त्याला शिवावें, त्याची घाण काढावी, ही कल्पनाच लोकांना असह्य होती. गंमत अशी कीं, हेंच काम तीच बाई घरांत जन्मभर करीत असे आणि त्याला कोणी नांवें ठेवीत नसे. पुण्याच्या ससून रुग्णालयांत सेवासदनाच्या स्त्रिया परिचारिकेचें व सुईणीचें शिक्षण घेऊं लागल्या, आणि त्यांच्यासाठीं वसतिगृहाची व्यवस्था झाली. शिक्षिका तयार करण्याचें कामहि चालूं होतें. वाडा अपुरा पडूं लागला. १९१५ मध्यें पुणें सेवासदनाची स्वतंत्र नोंदणी झाली, आणि कालांतरानें संस्था स्वतःच्या इमारतींत गेली. पण ही नवी जागाहि शहराच्या पोटांतच, लक्ष्मी रस्त्यावर घेतलेली. भाजी घ्यावयास निघालेल्या बाईला जातां जातां दिसावी अशी. १९२४ मध्यें रमाबाई निवर्तल्या तेव्हां सेवासदनाचें नांव पुण्याबाहेरहि पोहोंचलें होतें.

श्रोतेहो, या तिघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. पण तो निरर्थक आहे. तिघांच्या दारीं येणारी स्त्री निराळी होती. जिला कोणीच उरलें नाहीं तिला केडगांवसारखें पूर्ण घर पाहिजे. जिला नातलग आहेत पण त्यांच्या डोळ्यांसमोर शिकतां येत नाहीं, तिला हिंगण्यासारखें थोडें दूरचें घर पाहिजे. आणि जिला घर सोडतां येत नाहीं, तिला सेवासदनासारखें शेजारचें दार पाहिजे. तिघांनींहि जागा निवडतांना इमारतीच्या आधीं त्या बाईचा विचार केला, यांतच त्यांचें सामर्थ्य होतें. आणि तिघांचीहि किंमत कोणी तरी मोजली. केडगांवनें समाजाची जवळीक गमावली, हिंगण्यानें शरीरकष्ट सोसले, सेवासदनानें रोजची कुजबूज ऐकली.

काळानें मात्र हिंगण्याची एक मौज केली आहे. शहर टाळण्यासाठीं आश्रम जेथें गेला, तेथें शहरच चालत आलें. तो माळ आतां पुण्याच्या भर वस्तींत आहे. त्या भागाला कर्वेनगर म्हणतात, आणि ज्या दिशेनें अण्णासाहेब चिखल तुडवीत जात त्या दिशेच्या हमरस्त्याला त्यांचेंच नांव आहे. आश्रमाची संस्था महर्षि कर्वे यांच्या नांवानें चालूं आहे. तिच्याच आवारांत १९९१ मध्यें मुलींचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. पांचशें रुपयांची ती झोपडीहि तेथें जतन करून ठेवलेली आहे. शिक्षिका आणि सुईण या दोनतीन वाटांवरून ही मजल येथवर आली.

आजहि स्त्रियांना शिवणकाम, संगणक, शुश्रूषा किंवा एखादें कसब शिकविणाऱ्या संस्था जागेअभावीं स्थलांतर करीत असतात. शहरांत भाडीं परवडत नाहींत, उपनगराच्या टोकाला प्रशस्त इमारत मिळते, आणि कार्यकारी मंडळ ती आनंदानें घेतें. त्या प्रसंगीं चौरस फुटांच्या आंकड्यांबरोबर आणखी कांहीं प्रश्न विचारावेत असें मला सुचवावेसें वाटतें. आपल्याकडे येणारी बाई तेथें कशी पोहोंचणार? संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर तिला बस मिळेल काय? तिचें मूल त्या वेळांत कोणापाशीं राहील? आणि शिकून झाल्यावर जें काम तिनें करावयाचें, तें या नव्या जागेपासून किती लांब आहे? कर्व्यांपाशीं या प्रश्नांचीं सोयीस्कर उत्तरें नव्हतीं; म्हणून पहिलीं दोन वर्षें तें अंतर त्यांनीं स्वतःच्या पायांनीं भरून काढलें. नव्या घराची जागा ठरवितांना तिच्यामुळें पडणारें अंतर कोण चालून काढणार हें आधीं ठरलें पाहिजे. तें सगळें त्या शिकावयास येणाऱ्या बाईच्याच माथीं मारूं नये.